सरोजम्माचं सोंग

सुलभाताई टेंब्यांना मरायला फार छान येतं. हसू नका. दर मंगळवारी आणि गुरुवारी त्या इंदिरानगरच्या घरून रिक्षा करून एचएसआर लेआउटला जातात, पाठीमागे नाड्या असलेला तो हॉस्पिटलचा बिनमापाचा झगा चढवतात, कॉटवर आडव्या होतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन-तीनदा तरी त्यांच्या जिवावर बेततं. मग उठून केस सारखे करतात, डब्यातली थालीपीठं सगळ्यांना वाटतात आणि दुपारी पुन्हा अत्यवस्थ.

आता ही कला त्यांना आली कुठून? तर मराठी मंडळाच्या गणपतीतून. लग्न होऊन साताऱ्याहून बेंगळुरूला आल्या तेव्हा शहर निवांत होतं, नवरा विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता आणि सुलभाताईंना नाटकाचं वेड होतं. पण मंडळातल्या राजकारणाची तुम्हाला कल्पना नाही! नायिका व्हायची ती सेक्रेटरींची बायको किंवा खजिनदारांची मेहुणी. सुलभाताईंच्या वाट्याला मोलकरीण, शेजारीण, फार झालं तर खाष्ट नणंद. एका वर्षी तर पडदा उघडतो तेव्हाच मेलेली आत्या! अख्खा अंक चादरीखाली निपचित पडायचं. सुलभाताई इतक्या हुबेहूब पडल्या की पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. त्यांच्या अभिनयाला मिळालेली ती एकमेव दाद.

मग वर्षं गेली, मुलगा अमित शिकून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला, दामोदर टेंबे निवृत्त झाले, आणि वरच्या मजल्यावर केतकी भाड्याने राहायला आली. पुण्याची, तिशीतली, नर्सेसना शिकवणारी. एक दिवस जिन्यात तिने सुलभाताईंना अडवलं.

"काकू, तुम्ही ॲक्टिंग करता ना? मला एक पेशंट हवीय."

"अगं पण मला काही झालेलं नाही."

"तेच तर हवंय!"

केतकीच्या केंद्रात शहरभरातल्या हॉस्पिटलांतून नर्सेस, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ शिकायला येत. उपचार करायला ते आधीच शिकलेले असत. इथे शिकायचं ते एवढंच, की उपचार करताना आपल्याच हातून माणसाला इजा होऊ नये. औषध भलत्याला जाऊ नये, डाव्याच्या जागी उजवं होऊ नये, म्हातारं माणूस कॉटवरून पडू नये. सुलभाताईंना आधी ते खोटंच वाटलं. ह्यासाठी वेगळी शाळा? जो तो लक्ष देऊन काम करतोच की!

पहिल्या दिवशी त्या सराव-वॉर्डात शिरल्या आणि दारातच थबकल्या. खरोखरीचा वॉर्ड. कॉटा, सलाईनचे स्टँड, मॉनिटरचे टिकटिकणारे पडदे. कोपऱ्यातल्या कॉटवर एक गृहस्थ झोपलेले, छाती हळूहळू वरखाली होतेय, पापण्या मिटताहेत, उघडताहेत. सुलभाताईंनी पदर सावरून त्यांना नमस्कार केला. केतकीला हसू आवरेना. तो रबरी पुतळा होता! "हा राजण्णा, काकू. रोज आजारी पडतो, रोज वाचतो. कधीकधी नाही वाचत." सुलभाताईंनी भीत भीत त्याच्या मनगटाला हात लावला, तर आत नाडी लागली. अंगावर काटा आला त्यांच्या.

पण खरा काटा आला तो पुढे. तिथे माणसं दिवसभर चुकत आणि कोणी कोणाला ओरडत नसे. चूक झाली की सगळे गोल करून बसत आणि केतकी विचारी, "काय घडलं?" कोणी केलं असं चुकूनही विचारत नसे. सुलभाताईंच्या घरी दूध उतू गेलं तर आधी गॅसपाशी कोण होतं याची चौकशी व्हायची, गॅस नंतर बंद व्हायचा! आणि इथे पाच-पाच, दहा-दहा वर्षं नोकरी केलेली माणसं सगळ्यांसमोर सांगत होती, "मी घाईत होतो", "मला संशय आला होता, पण मोठ्या डॉक्टरांना कसं थांबवायचं?" आणि कोणी हसत नव्हतं. देवळात आल्यासारखं वाटलं सुलभाताईंना. त्या रात्रीच्या भाकरी थापताना दोनदा म्हणाल्या, "अहो, तिथे चुकायला शिकवतात! म्हणजे खऱ्या माणसापाशी चुकू नये म्हणून!"

"सरी," दामोदर म्हणाले.

आता या 'सरी'चं सांगितलंच पाहिजे. सरी म्हणजे बरं, ठीक आहे. बेंगळुरूत पाऊल ठेवल्यावर टेंब्यांनी शिकलेला पहिला कन्नड शब्द, आणि खरं सांगायचं तर शेवटचाही. एवढ्या एका शब्दावर माणसाने सगळा संसार रेटला. भाजीवाला म्हणाला, भेंडी स्वल्प जून आहे अण्णा, चालेल? "सरी." न्हाव्याने विचारलं, अजून बारीक करू? "सरी." घरी आले तेव्हा डोक्यावर कापायला काही उरलं नव्हतं! समोरच्याला नाही म्हणायचं म्हणजे त्यांना अपमान केल्यासारखं वाटायचं. पुढे कान मंद झाले, तसा तो शब्द आणखीच गोड हसून यायला लागला. त्यामुळे बाहेर कुठेही गेलं की सुलभाताईच पुढे. "यांना नका विचारू, मला विचारा."

त्याला कारणही तसंच होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत टेंब्यांचा घसा सुजला होता आणि एका दवाखान्यात त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. बघता बघता चेहरा फुगला, डोळे दिसेनासे झाले, श्वास अडकला. सुलभाताई तेव्हा नव्यानव्या, कोपऱ्यात नुसत्या उभ्या. माणूस वाचला ते नशीब. तेव्हापासून टेंब्यांना डॉक्टरने नुसता हात लावला तरी सुलभाताईंचं सुरू, "पेनिसिलिन नाही हं! त्यातलं काहीसुद्धा नाही!" दाताच्या डॉक्टरला, डोळ्यांच्या डॉक्टरला, एकदा तर चष्म्याच्या दुकानदाराला.

केतकीने सोंग मागितलं तेव्हा सुलभाताईंना डोकं खाजवावंच लागलं नाही. नाव ठरलं सरोजम्मा, पण आत सगळे दामोदर टेंबे! तेच हसू, तीच मान, तेच 'सरी'. सरोजम्माला एक औषध सोसत नाही. पण ते ती आपणहून सांगत नाही. 'कुठल्या औषधाचा त्रास होतो का, काय होतं?' असं नीट विचारलं तरच सांगते. 'अलर्जी नाही ना, अज्जी?' असं विचारलं की संपलं. गोड हसून "सरी".

अहो, काय धडाधड फसायचे सगळे! सुलभाताईंना मेलेल्या आत्यानंतर प्रथमच रंगभूमीचं सुख लाभलं.

एका गुरुवारी पवित्रा आली. निपाणीकडची, चोवीस-पंचवीस वर्षांची, चपळ, सदा घाईत. त्या भागातल्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशीच ती बोलायची आणि सुलभाताईंना अक्का म्हणायची. तिने भराभर नाडी पाहिली, ट्रेकडे बघतच विचारलं, "अलर्जी-बिलर्जी काय न्हाई न्हवं, अक्का?"

"सरी."

पवित्राने इंजेक्शन दिलं. म्हणजे दंडाला बांधलेल्या स्पंजच्या गादीत पाणी. झालं! पडद्यावरचे आकडे खाली, घंटा सुरू, आणि सुलभाताईंनी जो काही श्वास कोंडला म्हणता! नवऱ्याचा तो जुना चेहरा आठवून कोंडला. पवित्रा पांढरीफटक पडली.

गोल करून बसले. पवित्रा रडत होती. "मला न्हाई जमायचं हे काम. खरा माणूस असता तर?" केतकीने तिला पाणी दिलं, सगळ्यांना विचारलं काय घडलं, आणि मग नेहमीप्रमाणे वळली. "पेशंटला काय वाटलं? सरोजम्मा, तुम्ही सांगा."

आता खरं तर सुलभाताईंना काहीच वाटलं नव्हतं. आपला श्वास चांगला जमला एवढंच त्यांच्या डोक्यात. पण सगळे बघताहेत म्हटल्यावर नटीने गप्प बसायचं? जे सुचलं ते ठोकून दिलं. "तू उभी होतीस गं. बसली असतीस तर सांगितलं असतं."

केतकीने ते वाक्य फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या खेपेला सरोजम्माच्या मनगटावर लाल पट्टी बांधली गेली. ज्याला औषध सोसत नाही त्याला लाल पट्टी, म्हणजे कोणीही लांबून बघावं आणि थांबावं. सुलभाताई रिक्षात बसल्या त्या आपल्या संवादावर खूश होत. सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकल्या तरी चिडल्या नाहीत. घरी येऊन साभिनय सांगितलं, "कसं सुचलं बघा मला!"

टेंबे म्हणाले, "सरी."

त्या पावसाळ्यात टेंब्यांचा हर्निया बळावला आणि ऑपरेशन करायचं ठरलं. होसूर रोडवरचं मोठं हॉस्पिटल. तपासण्यांचे दिवस नेमके मंगळवार-गुरुवारचे आले. सुलभाताई सुट्टी घेणार होत्या, पण टेंबे म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि एकटे बसने जाऊन आले. ते परतले तेव्हा सुलभाताई पोळ्या करत होत्या. तव्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "पेनिसिलिनचं सांगितलंत ना हो?"

"सरी."

आणि ह्या बाईने ती पोळी उलटली! जिने त्या एका शब्दावर अर्ध्या शहराच्या नर्सेस फसवल्या, तिने! म्हणे, बरं झालं, सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अमित विम्याच्या खिडकीशी रांगेत होता. सुलभाताई ट्रॉलीबरोबर चालत चालत थिएटरच्या दारापर्यंत गेल्या. जमिनीवर पिवळा पट्टा, त्याच्यापुढे घरच्यांना बंदी. टेंब्यांचं कानातलं यंत्र काढून त्यांनी पर्समध्ये ठेवलं होतं. ट्रॉली आत वळली, टेंब्यांनी हात उंच करून लहान मुलासारखा टाटा केला, आणि दार मिटता मिटता सुलभाताईंना त्यांचं मनगट दिसलं.

पांढरी पट्टी. नावाची. लाल पट्टी नव्हती.

तव्यावरची ती पोळी डोळ्यांसमोर आली. 'सरी!' अरे देवा, कसला 'सरी' तो! त्या दाराकडे धावल्या. सुरक्षारक्षक आडवा आला, "अम्मा, अंदर नहीं जाना." सुलभाताईंच्या तोंडून मराठी, कन्नड, हिंदी सगळं एकदम. "अरे, यांना पेनिसिलिन चालत नाही! मरेल माणूस! कोणालातरी बोलवा, लवकर, बेगा, बेगा!" तो बिचारा घाबरला, पण कामाचा निघाला. "रुको अम्मा," म्हणून सिस्टरला शोधायला बाजूच्या दारातून पळाला. दाराला वर एक काच होती. सुलभाताई चवड्यांवर उभ्या राहून काचेला चिकटल्या.

आत, थिएटरच्या अलीकडच्या खोलीत, ट्रॉली उभी होती. हिरव्या कपड्यातले भूल देणारे डॉक्टर, एक मदतनीस आणि ट्रे घेतलेली एक नर्स. तोंडावर मास्क, पण ती चाल! ते झपझप वळणं! पवित्रा.

देवा, अख्ख्या हॉस्पिटलात हीच? चुकलेली मुलगी?

आवाज येत नव्हता. पण यायची गरजच काय? हा प्रवेश त्यांना पाठ होता. पवित्रा उभी. नजर ट्रेवर. मान किंचित हलली, म्हणजे तिने विचारलं. टेंबे हसले. तेच, तेच गोड हसू. ओठ हलले, आणि काय म्हणाले ते काचेमागूनही कळलं. सुलभाताईंनी काचेवर मूठ आपटली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज त्यांचा, पण त्या जाड दाराला त्याचं काय! डॉक्टरांनी सिरिंज उचलली. पवित्रा त्यांच्याकडे वळली.

आणि थांबली.

तिने मागे वळून टेंब्यांकडे पाहिलं. ट्रे खाली ठेवला. पायाने एक स्टूल ओढलं. आणि बसली.

चेहरा अगदी टेंब्यांच्या चेहऱ्यासमोर आणला, क्षणभर मास्क हनुवटीखाली ओढला, ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश काहीतरी विचारलं. टेंबे पुन्हा हसले. पुन्हा तेच ओठ. ती उठली नाही! डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, काहीतरी बोलले. पवित्राने त्यांच्याकडे न बघता उजवा तळहात वर केला. थांबा. एवढ्याशा त्या पोरीने, तेवढ्या मोठ्या डॉक्टरांना. आणि डॉक्टर थांबले! हातातली सिरिंज तशीच. मदतनीस थांबला. सगळी खोली त्या एका तळहातापाशी थांबली.

मग टेंब्यांचं हसू विरलं. त्यांचे ओठ हलू लागले, एका शब्दापेक्षा जास्त. त्यांनी हात गळ्याशी नेला. दोन्ही गाल फुगवले, डोळे गच्च मिटून दाखवले. जन्मात कधी मंडळाच्या स्टेजवर न चढलेला माणूस, झोपल्याजागी आपलं जुनं मरण करून दाखवत होता!

डॉक्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली. स्वतः वाकून टेंब्यांना काही विचारलं, आणि मग पवित्राकडे बघून मान लववली. चिडून नव्हे. नीट, पुरी लववली. सुलभाताईंना ते दिसलं आणि काचेवर त्यांचाच श्वास साचून सगळं धूसर झालं. केवढी माणसं ही, त्यांच्या मनात आलं. थांबवणारी मोठी की थांबणारा मोठा, त्यांना काही सांगता येईना. आयुष्यभर नाटकं पाहिली, पण असा प्रवेश त्यांनी पाहिला नव्हता. त्या पिवळ्या पट्ट्यावरच मटकन बसल्या. तेवढ्यात रक्षक एका सिस्टरला घेऊन आला. "पेनिसिलिन," एवढंच सुलभाताई म्हणू शकल्या.

"गोत्तु, अम्मा," सिस्टर म्हणाली. माहीत आहे. "आत्ताच आतून लाल पट्टी मागितली."

ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी पवित्रा बाहेर आली ती टोपी काढत. सुलभाताईंना बघून ती चमकली. "सरोजम्मा! अगंबाई, ते तुमचे मालक व्हय? तरीच ते हसणं कुठंतरी बघितल्यासारखं वाटालं!" मग तिचा आवाज खाली आला. "ट्रेवर त्याच जातीचं औषध होतं, अक्का. भरून तयार."

"तुला कळलं कसं गं?"

"कळलं न्हाई ओ. मला काय ठावं?" पवित्रा म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं न्हवं त्या दिवशी. म्हणून मी बसलो."

ते वाक्य सुलभाताईंनी असंच ठोकून दिलं होतं, टाळी पडावी म्हणून. आणि ह्या पोरीने ते इतके दिवस जपून ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा मोडली. पवित्रा लाजली आणि पुढच्या पेशंटकडे पळाली.

संध्याकाळच्या चहाच्या वेळेला टेंबे वॉर्डात नीट जागे झाले. सुलभाताई कॉटशेजारी उभ्या राहून त्यांच्या कानात यंत्र बसवत होत्या, पांघरूण ओढत होत्या, आणि सवयीने बोलून गेल्या, "आता दुखत नाही ना हो?"

टेंबे गोड हसले. "सरी."

सुलभाताईंचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या कॉटखाली एक स्टूल होतं. ते ओढलं आणि त्यावर बसल्या. इतक्या वर्षांत आपण ह्या माणसाला काहीही विचारलं ते उभ्याने, तव्याकडे नाहीतर दाराकडे बघत, हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं. त्यांनी चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर नेला.

"काय होतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं, आणि वाट पाहिली.

टेंबे हसले. मग ते हसू हळूहळू गेलं. मनगटावरच्या लाल पट्टीशी त्यांची बोटं चाळा करू लागली.

"दुखतंय," ते म्हणाले. "आणि आत नेलं ना, तेव्हा मला फार भीती वाटली गं."